केमो चालू असताना हळदीची कॅप्सूल, काढे आणि रस: काय चालतं, काय थांबवायचं आणि कसं तपासायचं

घरात कोणाला कॅन्सर निघाला की रिपोर्टची फाईल जाड होत जाते आणि तिच्या जोडीने ओट्यावरच्या बाटल्याही वाढत जातात. कोणी गव्हांकुर सांगतं, कोणी लक्ष्मणफळाची पानं आणून देतं, पुण्याची आत्या कर्क्युमिनच्या, म्हणजे हळदीतल्या पिवळ्या द्रव्याच्या, कॅप्सूलचा डबा कुरिअर करते, आणि सगळे अगदी मनापासून करतात म्हणून कोणाला नाही म्हणता येत नाही. मी नाशिकला मेडिकल चालवते, फार्मसिस्ट आहे, काउंटरवर हे कायमच ऐकते, "ताई, ती हळदीची कॅप्सूल द्या ना, आईची केमो चालूय, ताकद येते म्हणे." डॉक्टरांना सांगितलंय का विचारलं की म्हणतात, "अहो, हळदच तर आहे, त्यात काय सांगायचं."

सांगायचंच असतं. भाजीतली हळद हे जेवण आहे आणि कॅप्सूलमधलं कर्क्युमिन हे औषध आहे, आणि औषध म्हटलं की डोस आला, साइड इफेक्ट आले, दुसऱ्या औषधांशी भांडणं आली. हे घरच्यांनी कसं सांभाळायचं ते खाली लिहितेय, म्हणजे पेशंटला त्रास होणार नाही आणि आत्याचा डबा आला की काय करायचं तेही आपल्याला माहीत असेल.

आजच्या आज करायचं काम

पेशंट जे जे पोटात घेतो ते सगळं टेबलावर मांडा. गोळ्या, चूर्ण, काढा, सकाळचा रस, प्रोटीन पावडर, देवघराशेजारच्या डबीतलं भस्म असेल तर तेही. मग एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहा, नाव काय, कंपनी कोणती, एका कॅप्सूलमध्ये किती मिलिग्रॅम, दिवसाला किती, कधीपासून. लेबलचे पुढून-मागून फोटो काढून ठेवा कारण बारीक अक्षरातलंच महत्त्वाचं असतं. हा कागद फाईलच्या पहिल्या पानाला पिन करा, आत कुठेतरी नको. नाशिकहून परळला टाटाला जाणारे पहाटे उठून पंचवटी नाहीतर मिळेल ती गाडी पकडतात, दिवसभर नंबरची वाट बघतात आणि डॉक्टरसमोर मिळतात मोजकी मिनिटं, त्यात "अजून काय घेता" हा प्रश्न आला तर घाईत "काही नाही" असंच तोंडातून जातं. कागद समोर असला की डॉक्टर एका नजरेत बघतात आणि दोन गोष्टींवर काट मारतात. इथे नाशिकमध्येच ट्रीटमेंट चालू असेल तरी हाच कागद, आणि वैद्यांकडे जात असाल तर त्यांनाही केमोचा चार्ट दाखवा. आयुर्वेद आणि ॲलोपॅथी दोन्हींच्या परीक्षा घेणारं आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्याच गावात आहे, तेव्हा पदवी घेतलेल्या वैद्यांना हा चार्ट बघण्यात काहीच कमीपणा वाटत नाही, आणि जो म्हणेल की केमोवाल्यांना माझं नाव सांगू नका त्याच्याकडचं औषध घ्यायचं नाही.

स्वयंपाकाची हळद आणि कॅप्सूल यांचा हिशोब

हळदीच्या पावडरमध्ये कर्क्युमिन असतं साधारण २ ते ५ टक्के, आपण ३ धरू. एक चमचा हळद म्हणजे अंदाजे ३ ग्रॅम, म्हणजे कर्क्युमिन झालं ९० मिलिग्रॅमच्या आसपास, आणि एकट्या माणसाच्या पोटात दिवसभरात वरण-भाजीतून एवढी हळद बहुतेक जातही नाही. आता कॅप्सूल बघा, '९५ टक्के कर्क्युमिनॉइड्स, ५०० मिलिग्रॅम' असं लिहिलेली एक गोळी म्हणजे पाच-सहा चमचे हळद झाली, आणि दिवसाला दोन-तीन सांगतात. कॅन्सरच्या ट्रायल्समध्ये, म्हणजे पेशंटवर केलेल्या चाचण्यांमध्ये, तर ८ ग्रॅमपर्यंत कर्क्युमिन दिलंय, तेवढं नुसत्या हळदीतून घ्यायचं तर रोज पाव किलोहून जास्त हळद खावी लागेल. म्हणून "आपण तर पिढ्यानपिढ्या खातोय, काही होत नाही" हे भाजीतल्या हळदीला लागू आहे, कॅप्सूलला नाही. कर्क्युमिन खाण्याचा रंग म्हणून वापरतात, त्या हिशोबाने जागतिक तज्ज्ञ समितीने ठरवलेली रोजची मर्यादा वजनाच्या एका किलोमागे ३ मिलिग्रॅम कर्क्युमिन अशी आहे, साठ किलोच्या माणसाला १८० मिलिग्रॅम.

दुसरी भानगड म्हणजे पोटात गेलेलं कर्क्युमिन रक्तात फारसं पोचतच नाही. आतडं आणि लिव्हर मिळून त्याचं लगेच रूपांतर करून बाहेर टाकतात. १९९८ मध्ये बेंगळुरूच्या संशोधकांनी काही निरोगी लोकांना २ ग्रॅम कर्क्युमिन दिलं तर रक्तात जवळपास सापडलंच नाही, मग सोबत मिरीतलं पायपरिन २० मिलिग्रॅम दिलं तर प्रमाण २००० टक्क्यांनी वाढलं. तेव्हापासून हळदीच्या कॅप्सूलमध्ये पायपरिन घालायची पद्धत पडली आणि हळद-मिरी-दुधाचे मेसेज फिरायला लागले. पण हे पायपरिन काय करतं ते मेसेजमध्ये नसतं. शरीरातली नको ती औषधं मोडून बाहेर टाकणारी जी एन्झाइम्स असतात त्यांनाच ते अडवतं, आणि हीच एन्झाइम्स केमोची औषधंही मोडत असतात. म्हणजे कर्क्युमिन आत राहावं म्हणून आपण जो दरवाजा बंद करतो त्याच दरवाजातून केमोचं औषधही ठरल्या वेळी बाहेर जायचं असतं.

मग संशोधनात नक्की निघालं काय

खूप काही निघालंय, फक्त ते कुठे निघालंय ते बघायचं. काचेच्या डिशमध्ये वाढवलेल्या कॅन्सरच्या पेशींवर कर्क्युमिन ओतलं की त्या मरतात, हे शेकडो पेपरमध्ये आहे आणि खोटं नाही. पण डिशमध्ये जेवढं ओततात तेवढं माणसाच्या रक्तात पोचत नाही हे वर आलंच, शिवाय कर्क्युमिन स्वतः चमकतं, चिकटतं, मोडतं, त्यामुळे लॅबमधल्या बऱ्याच टेस्ट फसतात. २०१७ मध्ये औषध-रसायनशास्त्राच्या तज्ज्ञांनी सगळा आढावा घेतला, तोवर १२० हून जास्त क्लिनिकल ट्रायल्स होऊन गेल्या होत्या, तरी कुठल्याही आजारावर त्याला औषध म्हणून मान्यता मिळावी इतका पक्का पुरावा जमलेला नव्हता.

माणसांवरच्या ट्रायल्स मी मुद्दाम सांगते, दोन्ही बाजूच्या. अमेरिकेत ह्यूस्टनला स्वादुपिंडाच्या कॅन्सरच्या २५ पेशंटना रोज ८ ग्रॅम देऊन बघितलं, २००८ मध्ये निकाल आला, एकाचा आजार दीड वर्षाच्या वर आहे तिथेच थांबला, एकाची गाठ थोडे दिवस बरीच आक्रसली आणि पुन्हा वाढली, बाकीच्यांना काही उपयोग दिसला नाही. आतड्यात शेकडो गाठी होण्याचा एक आनुवंशिक आजार असतो, त्यात पुढे कॅन्सर होतो, त्यावर आधी पाच पेशंटमध्ये फरक दिसला म्हणून फार आशा होती, पण २०१८ मध्ये ४४ जणांना वर्षभर रोज ३ ग्रॅम किंवा खोटी गोळी, म्हणजे दिसायला तशीच पण औषध नसलेली, देऊन नीट तुलना केली तर गाठींची संख्याही तीच आणि आकारही तोच. आता चांगली बातमी. तोंडात जे पांढरे चट्टे येतात, तंबाखूवाल्यांना हे चांगलं माहीत असतं, त्यावर भारतातच २२३ जणांची ट्रायल झाली, निकाल २०१६ चा. रोज ३.६ ग्रॅम सहा महिने दिल्यावर चट्टे कमी होण्याचं प्रमाण ६७.५ टक्के आणि खोट्या गोळीवाल्यांमध्ये ५५.३ टक्के. फरक आहे, मी तो नाकारत नाही, पण तुकडा काढून मायक्रोस्कोपखाली बघितलं तेव्हा दोन्ही गटांत ठोस फरक दिसला नाही. आणि खोट्या गोळीवाल्यांचेही अर्ध्याहून जास्त चट्टे कमी झाले हे जरा नीट बघा, कारण आपल्या ओळखीतला कोणी "मला फरक पडला" म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो, पण तो फरक हळदीनेच पडला का हे एकट्याच्या अनुभवावरून कळत नाही.

आपण अमेरिकेकडून हळदीचं पेटंट परत मिळवलं ते या चर्चेत हमखास निघतं. शास्त्रज्ञ माशेलकर सरांच्या काळातली ती लढाई अभिमानाचीच आहे, १९९५ ला दिलेलं पेटंट १९९७ ला रद्द झालं, पण ते जखम भरण्याबद्दल होतं, कॅन्सरशी त्याचा संबंध नव्हता.

वनस्पतीतूनच आलेली खरी कॅन्सरची औषधं

"तुमचा वनस्पतींवर विश्वासच नाही" असं मला कोणी म्हटलं की मी सलाईनच्या बाटलीकडे बोट दाखवते. लहान मुलांच्या ब्लड कॅन्सरमध्ये देतात ते विनक्रिस्टिन आपल्या दारातल्या सदाफुलीतून आलंय. १९५० च्या दशकात कॅनडात नोबल आणि बिअर हे दोघं सदाफुलीचा पाला डायबेटिसवर चालतो का ते तपासत होते, साखरेवर काही झालं नाही पण उंदरांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी झपाट्याने उतरल्या आणि तिथून विनब्लास्टिन, मग विनक्रिस्टिन निघालं. पॅक्लिटॅक्सेल, म्हणजे ब्रेस्ट आणि ओव्हरीच्या कॅन्सरला जे सर्रास देतात, ते अमेरिकेतल्या यू नावाच्या झाडाच्या सालीतून वेगळं करणाऱ्या दोघांपैकी एक होते मनसुख वाणी, १९२५ चा जन्म, आणि गाव आपलं नंदुरबार. मन्रो वॉल आणि वाणी यांनी १९६६ मध्ये कॅम्पटोथेसिन आणि १९७१ मध्ये टॅक्सॉल जगासमोर आणलं. शाळेच्या पुस्तकात हे नाव असायला हवं असं मला फार वाटतं. कॅम्पटोथेसिन सह्याद्रीतल्या नरक्या नावाच्या झाडातही असतं, त्यापायी आपल्याकडच्या जंगलात त्याची चोरटी तोड झाली, आणि त्याच रसायनात बदल करून बनवलेलं इरिनोटेकॅन आज आतड्याच्या कॅन्सरला वापरतात.

आता या औषधांचा प्रवास बघा. टॅक्सॉल १९७१ ला सापडलं आणि अमेरिकेत मंजूर झालं १९९२ ला. मधली वीस-एकवीस वर्षं ते शुद्ध कसं करायचं, किती द्यायचं, किती दिलं तर माणूस दगावेल, कुठल्या कॅन्सरला चालतं आणि कुठल्याला नाही हे शोधण्यात गेली. मूळ कॅम्पटोथेसिन तर माणसांना दिल्यावर इतकं विषारी निघालं की बाजूला ठेवावं लागलं, नंतर बदल करून वापरता आलं. विनक्रिस्टिनचा डोस साधारणपणे एका वेळी २ मिलिग्रॅमच्या वर जाऊ देत नाहीत, तेवढ्यातही हातापायाला मुंग्या येतात आणि पोट घट्ट होतं. म्हणून सदाफुलीची पानं शुगरला किंवा कॅन्सरला म्हणून चावून खाणाऱ्यांना हात जोडून सांगते की खाऊ नका, त्या पानात किती काय आहे ते कोणीच मोजलेलं नसतं.

ट्रीटमेंट चालू असताना काय करायचं

जेवणातली हळद बंद करायची नाही. पथ्य म्हणून पिवळं वरण सोडणारे लोक मी बघितलेत, त्याची काही गरज नाही. अर्धा चमचा हळद घातलेलं दूध डॉक्टरांनी दूध बंद केलं नसेल तर चालतं.

कर्क्युमिनची कॅप्सूल, हळदीचा एक्स्ट्रॅक्ट, 'नॅनो' किंवा 'पायपरिनसह' लिहिलेलं काहीही असेल तर ऑन्कोलॉजिस्टने, म्हणजे कॅन्सरच्या डॉक्टरांनी, हो म्हटल्याशिवाय सुरू करायचं नाही, आणि सुरू असेल तर लपवायचं नाही. कारणं सांगते म्हणजे नुसता नियम वाटणार नाही. ब्रेस्ट कॅन्सरनंतर वर्षानुवर्षं टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या बायका भरपूर आहेत आणि हळदीच्या कॅप्सूलचं गिऱ्हाईकही त्याच जास्त, तर नेदरलँड्समध्ये २०१९ ला १६ बायकांवर अभ्यास झाला, कर्क्युमिन आणि पायपरिन सोबत घेतल्यावर टॅमॉक्सिफेनपासून शरीरात बनणारं एंडॉक्सिफेन, म्हणजे जे खरं काम करतं ते, सुमारे १२ टक्क्यांनी कमी झालं. गोळी नियमित घेताय आणि तिचा जोर मात्र कमी होतोय, हे बाहेरून कळणारही नाही. सायक्लोफॉस्फामाइडचा परिणाम कर्क्युमिनने कमी होतो असं उंदरांमध्ये २००२ मध्येच दिसलेलं होतं. आणि उलटंही होऊ शकतं, डोसिटॅक्सेल, विनक्रिस्टिन, इमॅटिनिब ही औषधं लिव्हरमधलं जे एन्झाइम मोडतं तेच पायपरिन अडवतं, तेव्हा औषध रक्तात जास्त साचायची भीती. ग्रीन टीमधलं ईजीसीजी बोर्टेझोमिबला, म्हणजे मायलोमा या बोन मॅरोच्या कॅन्सरच्या इंजेक्शनला, चिकटून ते निकामी करतं असं २००९ मध्ये लॅबमध्ये आणि उंदरांमध्ये दिसलंय, त्यामुळे मायलोमाच्या पेशंटने ग्रीन टीच्या गोळ्या तर नकोच, चहाबद्दलही विचारून घ्या.

ऑपरेशन ठरलं असेल तर कर्क्युमिन, लसणाच्या आणि आल्याच्या कॅप्सूल या दोन आठवडे आधी बंद, कारण रक्त गोठायला अडथळा येऊ शकतो. भाजीतला लसूण चालतो. रक्त पातळ करायच्या गोळ्या आधीच चालू असतील, प्लेटलेट कमी असतील तर आणखी काळजी. पित्ताशयात खडे असतील तर कर्क्युमिनने पित्ताशय आकुंचन पावतं आणि कळ येऊ शकते. हिमोग्लोबिन कमी असलेल्यांमध्ये ते लोहाला बांधून ठेवतं हेही लक्षात ठेवा, केमोत हिमोग्लोबिन आधीच खाली असतं.

लिव्हरचं मात्र नीट ऐका. अमेरिकेत २०२२ मध्ये हळदीच्या गोळ्यांनी लिव्हरला सूज आलेल्या दहा जणांची नोंद छापून आली, तपासलेल्या सात गोळ्यांपैकी तीनमध्ये मिरीतलं पायपरिनही होतं, पाच जण ॲडमिट झाले आणि एक दगावला. काही लोकांमध्ये याचा धोका वाढवणारं जीनही सापडलं. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, खाज सुटली, जेवण एकदम नकोसं झालं तर कॅप्सूल त्याच दिवशी बंद आणि एलएफटी, म्हणजे लिव्हरची रक्ततपासणी, करून घ्या, केमोनेच झालं असेल म्हणून पुढच्या डेटपर्यंत थांबू नका. आणि लॅबमध्ये, डॉक्टरकडे सांगा की ही गोळी चालू होती.

बाकीच्या गोष्टी, एकेक करून

गव्हांकुराचा रस. नाशिकमध्ये घराघरात कुंड्या लावतात. अडचण गव्हाची नाही, कच्च्या रसाची आहे. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी एकदम खाली जातात, तेव्हा मातीला लागलेलं कच्चं काहीही नको, त्यातून जंतू गेले तर ताप येऊन आयसीयूपर्यंत जातं. त्या दिवसांत शिजवलेलंच द्या, फळं सोलून खायची तीच द्या.

लक्ष्मणफळ. 'केमोपेक्षा दहा हजार पट जालीम' हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय, माणसांवर असं काही सिद्ध झालेलं नाही. त्यात ॲनोनॅसिन नावाचं द्रव्य असतं जे मेंदूच्या पेशींना घातक आहे, कॅरिबियनमधल्या ग्वादलूप बेटावर ही फळं आणि पानांचा चहा नेहमी घेणाऱ्यांमध्ये पार्किन्सनसारखा आजार जास्त दिसला. पानांचा काढा अजिबात देऊ नका.

गुळवेल. कोविडमध्ये सगळ्यांनी प्यायली. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेलीनंतर लिव्हरला त्रास झालेले सहा पेशंट नोंदवले, आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेपही घेतला, पण कॅन्सरच्या पेशंटचं लिव्हर आधीच कामाला जुंपलेलं असतं तेव्हा या वादाचा निकाल त्याच्यावर कशाला लावून बघायचा. इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरवर सोडणारी ट्रीटमेंट, चालू असेल तर 'प्रतिकारशक्ती वाढवणारं' काहीही विचारल्याशिवाय नको.

कडू जर्दाळूच्या बिया. 'बी-१७ व्हिटॅमिन' नावाने विकतात, ते व्हिटॅमिन नाहीच, ॲमिग्डॅलिन आहे आणि पोटात जाऊन त्याचं सायनाइड होतं. १९८२ मध्ये १७८ पेशंटवर तपासून झालं, उपयोग शून्य आणि काहींच्या रक्तात सायनाइड धोक्याच्या पातळीजवळ गेलं. हे सरळ फेकून द्या.

आलं. हे मी स्वतःहून सुचवते. ५७६ पेशंटच्या ट्रायलमध्ये, २०१२ ची, उलटीच्या नेहमीच्या गोळीसोबत रोज अर्धा ते एक ग्रॅम आलं घेतलेल्यांची मळमळ कमी झाली. नेहमीची गोळी सोडायची नाही, तिच्यासोबत आल्याचा तुकडा किंवा सुंठ, आणि तेही डॉक्टरांना सांगून. तोंड आलं असेल तर कर्क्युमिनच्या जेलने आराम पडल्याच्या छोट्या ट्रायल्स आहेत, ते वरून लावायचं असतं, त्याबद्दल विचारायला हरकत नाही.

कॅन्सर होऊ नये म्हणून काय

इथे वनस्पतींचं खरं राज्य आहे, पण ताटात, गोळीत नाही. हा फरक १९९४ च्या एका निकालाने फार कडक शिकवला. गाजरातलं बीटा-कॅरोटीन कॅन्सर रोखतं असं सगळ्यांना वाटत होतं म्हणून फिनलंडमध्ये २९,१३३ सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर अभ्यास केला, ज्यांना बीटा-कॅरोटीनची गोळी दिली त्यांच्यात फुफ्फुसाचा कॅन्सर १८ टक्क्यांनी वाढला. गाजर खाऊन असं होत नाही.

आपण नाशिककर या बाबतीत नशीबवान आहोत. पिंपळगावचा टोमॅटो, लासलगावचा कांदा, द्राक्षं, सुरगाणा-पेठची नागली आणि वरई, सगळं दारात. टोमॅटोतलं लायकोपिन तेलात शिजवलं की जास्त चांगलं शोषलं जातं, म्हणजे आपली फोडणीची चटणी बरोबरच आहे. आतड्याच्या कॅन्सरपासून बचावाचा चांगला पुरावा आहे तो चोथा असलेल्या जेवणाचा, म्हणून नागलीची भाकरी, सालासकट डाळी, पालेभाज्या. द्राक्षाच्या सालीत रेझ्वेराट्रॉल असतं म्हणून वाइन चांगली असं वाइन टूरला आलेले लोक बोलतात, पण एका लिटर रेड वाइनमध्ये ते असतं काही मिलिग्रॅम, आणि अल्कोहोल मात्र कॅन्सर करणाऱ्या पक्क्या गोष्टींच्या यादीत आहे. द्राक्ष खा, वाइन औषध म्हणून पिऊ नका. रेझ्वेराट्रॉलच्या मोठ्या डोसची मायलोमावरची ट्रायल तर किडन्या बिघडल्या म्हणून थांबवावी लागली होती.

आणि मिश्री, तंबाखू, सुपारी. सकाळी मिश्री लावायची आणि रात्री हळदीचं दूध प्यायचं याने काही होत नाही. सुपारी तंबाखूशिवायही कॅन्सर करते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने, आयएआरसीने, २००४ मध्येच स्पष्ट केलंय. राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे तरी पुड्या मिळतात हे सगळ्यांना माहीत आहे. मावशी-आजींच्या मिश्रीला कोणी व्यसन म्हणत नाही म्हणून मी मुद्दाम लिहिते, तोंडात पांढरा चट्टा, न भरणारी जखम, तोंड कमी उघडणं असं काही दोन-तीन आठवड्यांच्या वर राहिलं तर सिव्हिलला किंवा जवळच्या दातांच्या डॉक्टरला दाखवा.

हळद घेताना

हळकुंड घेऊन दळून आणा, सुट्या पावडरीपेक्षा बरं. फार चकचकीत पिवळी हळकुंडं नकोत, लेड क्रोमेटने रंगवलेली असू शकतात आणि त्यात शिसं असतं. ग्लासभर पाण्यात न ढवळता टाका, रंग भराभर सुटून पाणी पिवळंधमक झालं तर संशय घ्या. पावडर असेल तर एक चमचा ग्लासभर पाण्यात टाकून तशीच ठेवा, चांगली हळद तळाला बसते आणि पाणी फिकट पिवळं राहतं.

'कॅन्सर बरा करतो' असं कोणी म्हटलं तर

औषधं आणि जादुई उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा १९५४ चा केंद्राचा कायदा आहे, त्याच्या यादीत कॅन्सर आहे. म्हणजे कॅन्सर बरा करतो अशी औषधाची जाहिरात करणं हाच गुन्हा. फलक, पॅम्फ्लेट, रील, काहीही दिसलं तर फोटो काढून अन्न व औषध प्रशासनाच्या ऑफिसला तक्रार द्या. असा माणूस हमखास म्हणतो की आधी केमो थांबवा मग माझं औषध सुरू करू. २०१८ मध्ये अमेरिकेत २८१ पेशंटचा अभ्यास छापून आला, बरे होण्याजोगा कॅन्सर असूनही फक्त पर्यायी उपचार निवडणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका अडीच पट, ब्रेस्ट कॅन्सरमध्ये तर पाच पटीच्या वर. पैशासाठी कोणी तिकडे वळत असेल तर आधी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला भेटा, कॅन्सरचे उपचार तिच्यात बसतात.

आत्याला काय सांगायचं हाही प्रश्न असतो. आमच्याकडे एक मुलगा यायचा तो सरळ म्हणायचा, "आत्या, डबा नीट ठेवलाय, डॉक्टर हो म्हणाले की लगेच सुरू करतो." आत्या नाराज होत नाही आणि आई सुरक्षित राहते.

आणि कोणाला खरंच वनस्पतीतल्या औषधाची ट्रीटमेंट करून बघायची असेल तर ट्रायलमध्ये जायचा रस्ता आहे. सीटीआरआय म्हणजे देशाच्या क्लिनिकल ट्रायल्सची सरकारी नोंदवही, २००७ पासून आहे, वेबसाइटवर कर्क्युमिन, अश्वगंधा असं नाव आणि कॅन्सरचा प्रकार टाकून शोधता येतं, कुठल्या हॉस्पिटलला चालू आहे आणि पेशंट घेताहेत का ते दिसतं. आपल्या ऑन्कोलॉजिस्टला तो नंबर दाखवून विचारा. ट्रायलच्या औषधाचे पैसे मागितले तर तिथून उठा. संमतीचा फॉर्म मराठीत मागून घ्या, सही करायच्या आधी घरी आणून वाचा, मधेच सोडायचा हक्क आपल्याला असतो आणि त्यामुळे नेहमीची ट्रीटमेंट थांबवता येत नाही. सही केल्यावर एक कॉपी आपल्या फाईलमध्ये, त्यावर एथिक्स कमिटीचा, म्हणजे पेशंटच्या हितासाठी ट्रायलवर लक्ष ठेवणाऱ्या समितीचा, नंबर असतो, काही त्रास झाला तर ट्रायलच्या डॉक्टरांसोबत तिथेही फोन करायचा.